भिंतीची दोनशे बारा भोकं

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्या भावाचा नमस्कार. वाकून केलाय असं समज. (प्रत्यक्षात वाकता येत नाही. मंगळवारी भिंतीच्या तळाशी तीन तास ओणवा होतो, तेव्हापासून कंबर माझं ऐकत नाही. कारण पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का, की अजून मुक्काम ठोकून आहे? त्यांना म्हणावं, औषधाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावत जा, निम्मा गुण झाकणात असतो. आम्ही इकडे सुखरूप आहोत. आम्ही म्हणजे मी आणि तुझी भावजय. भिंतीचं विचारशील तर ती तितकीशी सुखरूप नाही, आणि हे पत्र बहुतेक तिच्याचबद्दल आहे.

चार महिने तुझं पत्र नाही. माझंही नाही म्हणा. तू थोरली, तेव्हा आधी तू लिहावंस असं मला वाटत होतं. मी धाकटा, तेव्हा आधी मी लिहावं असं तुला वाटत असणार. अशानं दोघांपैकी एकाला म्हातारपण येऊन विसर पडेपर्यंत पोस्टमनला काही काम नव्हतं. तर मीच लिहितो. रागाचं कारण तुला माहीत आहे, म्हणून ते उगाळत नाही. (तुझी भावजय मागे उभी राहून म्हणते की उगाळल्याशिवाय पत्र पुढे जायचं नाही, आणि तुला फक्त एक बाजू माहीत आहे. तेव्हा थोडं उगाळतो.)

तुझ्या मुलानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, गेल्या वर्षी आमच्या घराच्या मागच्या भिंतीला बाहेरून ऊबदार गिलावा केला. आमच्या रांगेत एकोणीस घरं, सगळ्यांच्या मागच्या खोल्या थंडीत सारख्याच गारठतात. वसाहतीच्या समितीनं ठरवलं की आधी एका घराची भिंत करून बघू, पावसाचे दिवस जाऊ देऊ, आणि भिंत नीट राहिली तर उरलेली अठरा घरं त्याच गवंड्याला देऊ. ते पहिलं घर आमचं, कारण गवंडी आमचा. मी सगळ्या रांगेला छाती काढून सांगत फिरलो होतो की पोरगा हाताचा सोन्यासारखा आहे. पुढे चार महिन्यांपूर्वी मीच समितीला लेखी तक्रार दिली की त्याचं काम निष्काळजीपणाचं आहे. समितीनं अठरा घरं थांबवली, त्याला आपली दोन माणसं कमी करावी लागली, आणि त्यानं आमच्या घरी पाऊल टाकणं सोडलं. एवढं तुला माहीत आहे. आता जे माहीत नाही ते.

भिंतीला कोट घालण्याचा हा प्रकार तू पाहिला नसशील. मूळ भिंतीला ओल अडवणारा लेप देतात, त्यावर फोमचे वीतभर नाही पण चांगले चार बोटं जाड तक्ते चिकटवतात, तक्त्यांवर जाळी, जाळीवर पातळ गिलावा आणि शेवटी रंगाचा रवाळ हात. या तक्त्यांच्या पाठीला उभ्या खाचा असतात. भिंतीच्या अगदी तळाशी एक पट्टी असते आणि तिला ओळीनं बारीक भोकं. वर वळचणीखाली एक सलग फट, खिडक्यांच्या डोक्यावरही तशीच. भाच्यानं हे सगळं मला चहा पिता पिता समजावलं होतं. तो म्हणाला, पाणी थोडंफार आत जाणारच. खिडकीच्या कडेनं जाईल, कुठल्यातरी चिरेतून जाईल. ते खाचांमधून खाली उतरतं आणि भोकांमधून बाहेर पडतं, आणि वरखाली वारा खेळता राहिला की उरलेली ओल वाळते.

आता अक्का, तूच सांग. ज्या माणसानं चौतीस वर्षं जामच्या कारखान्यात झाकणं तपासण्यात घालवली, त्याला 'पाणी आत जाणारच' हे वाक्य कसं पचावं? आमच्याकडे भरलेली बरणी टाकीत बुडवायची आणि बघायचं. एक बुडबुडा आला की बरणी बाद. कारखान्यात मला 'बूच' म्हणत आणि घरी तुम्ही सगळ्यांनी ते उचललं, पण मला त्याचा कधी राग आला नाही, कारण माझ्या हाताखालून गेलेली बरणी परत आल्याचं कुणी दाखवून द्यावं. असा मी, आणि माझा सख्खा भाचा मला सांगतो की भिंत गळायला हवी. मी मान डोलावली, जशी लहान मुलांच्या गोष्टीला डोलावतो तशी. तळाच्या पट्टीबद्दल तो आणखी काहीतरी बजावून सांगत होता, पण तेव्हा त्याच्या डब्याचं झाकण तिरकं बसलेलं मला दिसलं आणि मी ते नीट करण्यात गुंतलो. डबा मात्र छान बंद झाला.

पुढे कोरड्या दिवसांत एकदा कपड्यांचा चिमटा दोरीवरून खाली पडला, तो उचलायला मी वाकलो (तेव्हा वाकता येत होतं), आणि ती भोकं मला समोरासमोर दिसली. एका ओळीत दोनशे बारा. तुला खोटं वाटेल, पण मी ती दोनदा मोजली. निवृत्तीनंतर सात वर्षांत मला कुणी काही तपासायला दिलं नव्हतं. मला वाटलं, पोरगं घाईत होतं, शेवटचा हात मारायचा राहून गेला असेल, पुढेमागे समितीच्या कुणाला दिसलं तर त्याचं नाव जाईल. अक्का, ही एक गोष्ट मात्र शपथेवर सांगतो, ते काम मी त्याच्या भल्यासाठीच केलं. दुकानातून सीलंटच्या सहा नळ्या आणल्या, ती दाबायची बंदूक आणली आणि दोन दुपारी बसून एकेक भोक बुजवलं. प्रत्येकाशेजारी निळ्या खडूनं बरोबरची खूण केली, कारखान्यात करायचो तशीच. मग म्हटलं अर्धवट काम कशाला, म्हणून समितीची शिडी लावून वळचणीखालची फट भरली आणि खिडक्यांवरच्याही भरल्या. तुझी भावजय शिडी धरून उभी होती आणि विचारत होती की भाच्याला एकदा विचारायचं का. मी म्हटलं, त्याला आश्चर्याचा धक्का देऊ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा तर सुंभही अजून शाबूत आहे.

नंतर पाऊस सुरू झाला. पहिले तीन आठवडे मी रोज भिंतीकडे बघून खूश व्हायचो, कारण शेजाऱ्यांच्या भिंती ओल्या दिसायच्या आणि आमची तळाशी ठणठणीत. चौथ्या आठवड्यात मागच्या खोलीत वास येऊ लागला, फुलदाणीतलं पाणी महिनाभर बदललं नाही तर येतो तसा. आधी आम्ही एकमेकांवर संशय घेतला. मग कपाट उघडलं तर माझ्या लोकरीच्या कोटाला हिरवी लव आलेली. खिडकीच्या बाजूला आतून रंगाचे पोपडे सुटले, बाहेरून गिलाव्याला ताटलीएवढं पोट आलं. ते बोटानं दाबलं की आत जायचं आणि हळूहळू पुन्हा वर यायचं. मी समितीच्या सचिवांना बोलावलं, दोन शेजाऱ्यांना बोलावलं आणि मग भाच्याला बोलावलं. (हा क्रम चुकला. आधी त्याला एकट्याला बोलवायला हवं होतं, हे मला आता कळतं.)

त्या दिवशी मी काय बोललो ते त्यानं तुला सांगितलंच असेल. नसेल सांगितलं तर मीच सांगतो, कारण ते मला रोज आठवतं. तो आला, गिलाव्याच्या पोटावर हात ठेवून बघितलं, मग खाली बसून भिंतीचा तळ पाहिला. बराच वेळ पाहिला. उठला, माझ्याकडे बघितलं, हात पुसले, आणि म्हणाला की सगळी भिंत मी माझ्या खर्चानं पुन्हा करून देतो. मला वाटलं, चोर सापडला. चूक नसती तर फुकट कोण करून देईल? आणि मी त्या तिघांच्या देखत त्याला म्हटलं, "तुझा हात पुन्हा माझ्या भिंतीला लागता कामा नये." तो निघून गेला. संध्याकाळी मी तक्रार लिहिली. दीड पान. 'निष्काळजी' हा शब्द तीनदा. बरण्यांबद्दल अशा तक्रारी मी शेकड्यांनी लिहिल्या होत्या, त्यामुळे हात सरसर चालला. पण बरणीला आई नसते, आणि ती आई माझी बहीण नसते. हे लिहिताना ध्यानात आलं नाही.

आता परवाची गोष्ट. समितीनं दुसरा कंत्राटदार बघितलाय. त्याला काम देण्याआधी आमच्या भिंतीवर एका जाणत्या माणसाचा अभिप्राय हवा, असं सचिवांनी सांगितलं. जाणता माणूस मीच शोधला. हात दाखवून अवलक्षण कसं करावं याचा हा धडा समज. एक म्हातारे गवंडी आहेत, सगळे त्यांना 'ठोके' म्हणतात, कारण ते भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकून आतलं सांगतात. ते सोमवारी आले. वरून खाली ठोकत आले, मध्येच कान लावला, आणि तळाशी येऊन थांबले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग तुझ्या भावजयीकडे दाभण मागितलं. एका भोकात ते खुपसून त्यांनी सीलंटची अख्खी गोळी उपसून काढली, आणि त्या भोकातून तपकिरी पाण्याची धार आली ती थेट माझ्या चपलेत. एवढ्याशा भोकातून किती पाणी यावं! ती धार थांबेपर्यंत आम्ही तिघंही नुसते बघत उभे होतो.

ठोके म्हणाले की ज्यानं ही भोकं बुजवली त्याचा हात मानायला हवा, दोनशेतलं एकही सुटलेलं नाही. (अक्का, लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मला बरं वाटलं. सात वर्षांत कुणी माझ्या कामाला चांगलं म्हटलं नव्हतं.) मग ते म्हणाले की भिंतीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसलाय. पाऊस खिडकीच्या कडेनं थोडा थोडा आत जात राहिला, बाहेर पडायची वाट खालून बंद, वाळायची वाट वरून बंद. मूळ काम त्यांनी चांगलं निरखलं. लेप, खाचा, पट्टीचा उतार, सगळं बघून म्हणाले की भिंत करणारा माणूस जाणकार आहे, त्याला सोडू नका. आणि बुजवणारा कोण, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, कोण जाणे. निळ्या खुणा कुणाच्या, असं विचारलं. मी म्हटलं, मुलं खेळत असतील. आमच्या रांगेत सगळ्यात लहान रहिवासी पंचावन्न वर्षांचा आहे. तुझी भावजय खिडकीत उभी होती, ती आत निघून गेली आणि त्या रात्री माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

तेव्हा मंगळवारी सकाळी मी दाभण घेऊन बसलो आणि तीन तासांत चाळीस भोकं उघडली. भिंत अजून ठिबकतेय. एकशे बहात्तर राहिली आहेत, ती मी सावकाश करीन. तुझी भावजय म्हणते, यातून माणसानं काहीतरी शिकावं. मी म्हटलं, भिंतीकडून शिकायचं माझं वय राहिलं नाही. ती म्हणाली, मग भाच्याकडून शिका. यावर मी चहा मागितला.

मुद्द्याचं सांगायचं राहिलंच. वळचणीखालची फट उघडायला उंच शिडी लागेल, आणि समितीची शिडी मागण्याची सध्या माझ्यात हिंमत नाही. तुमच्याकडे भाच्याची लांब शिडी आहे ती कुणाबरोबर तरी पाठवून दे. बस, एवढ्यासाठीच हे पत्र. भावोजींना नमस्कार. गुडघ्यांना ऊब देत जा, आणि माझ्यावरचा राग शिडी पोचेपर्यंत तरी बाजूला ठेव.

तुझा धाकटा भाऊ,
बूच

ता. क. पत्र एवढ्यासाठीच नाही. ठोक्यांनी अभिप्राय लिहून माझ्या हाती दिलाय, समितीला द्यायला. त्यात एक ओळ अशी आहे: 'सदर भिंतीची भोकं ______ यांनी बुजवली.' मधली जागा त्यांनी मोकळी सोडली आणि म्हणाले, आठवलं की भरा. म्हाताऱ्याला सगळं कळलंय असा मला दाट संशय आहे. रविवारी सकाळी दहाला समितीची सभा आहे आणि त्यात दुसऱ्या कंत्राटदाराच्या कागदावर सह्या होणार आहेत. ठोक्यांचा तो कागद मी तीन दिवस टेबलाच्या खणात ठेवलाय. पेन उघडतो, टोपण लावतो. 'ओलाव्यामुळे' असं लिहून बघितलं, ते वाक्यात बसत नाही.

ता. क. दुसरा. शिडी नको. मला शिडीवर चढणारा हवाय. रविवारी दहाला त्याला घेऊन तू ये. सभेत मी उभा राहून सगळ्यांसमोर सांगणार आहे, पण तो तिथे नसेल तर ते सांगण्याला काही अर्थ नाही. तक्रार मी त्याच्या पाठीमागे केली, माफी त्याच्या तोंडावर मागायची आहे. मी त्याला तीनदा फोन लावला. दोनदा त्यानं उचलायच्या आत ठेवला आणि तिसऱ्यांदा त्यानं उचलल्यावर तिकडे पाऊस आहे का असं विचारून ठेवला. अठरा घरांची मला भीती वाटत नाही अक्का, त्या एका पोराची वाटते. त्यानं मला मामा म्हणणं सोडलं तर मी काय करू?

ता. क. तिसरा, हा माझा आहे.

वन्सं, नमस्कार. यांनी हे पत्र गुरुवारी लिहिलं आणि पाकीट चिकटवून टेबलावर ठेवलं. (चिकटवलंय असं की मला वाफेवर धरून उघडावं लागलं.) तुमच्याकडे पत्र पोचायला चार दिवस लागतात आणि सभा रविवारी, हे यांना दोन ताजे कलम लिहूनही सुचलं नाही. किंवा सुचलं असेल. म्हणून काल मीच तुमच्या मुलाला फोन केला. मी फक्त एवढंच म्हटलं की मामांची कंबर धरलीय आणि भिंतीचं काम अडलंय. तो आज सकाळी शिडी घेऊन आला. सगळ्यात आधी चपला काढून आत येऊन माझ्या हातचा चहा प्यायला, मग मागे गेला.

हे अर्धा तास पडद्याआडून त्याच्याकडे बघत होते. नंतर काय मनात आलं कोण जाणे, तसेच अनवाणी बाहेर गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते, मला सगळं ऐकू आलं. हे म्हणाले, "भोकं मी बुजवली रे. चुकलं माझं." तो खाली बसला होता, त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "माहितीय मामा. त्या दिवशी वाकलो तेव्हाच दिसलं." यांनी विचारलं, मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीस. तर तो म्हणाला, "सगळ्यांसमोर तुम्हाला कसं सांगणार? मला वाटलं, दोन दिवसांत तुम्हीच येऊन सांगाल. म्हणून थांबलो."

चार महिने थांबला वन्सं. दोन माणसं घरी पाठवली आणि थांबला. तुम्हालाही काही बोलला नाही म्हणतो, मामाचं हसं होईल म्हणून. तुम्ही त्याला रागावू नका, पण तुमच्या भावाला खुशाल रागवा, मी आड येणार नाही. हे तिथेच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. एवढ्या वर्षांच्या संसारात मी यांना असं रडताना पहिल्यांदा पाहिलं. तो उठला आणि यांच्या शेजारी जाऊन बसला.

आत्ता यांनी खणातला तो कागद काढलाय आणि मोकळ्या जागेत नाव लिहितायत. भाचा म्हणतोय, मामा, नुसतं नाव पुरे, हुद्दा कशाला. पत्र त्याच्याच हाती पाठवतेय. उद्या दहाला तिघंही या.